नोकरी आहे, घर आहे, पण ग्रीन कार्ड नाही : जन्मगाव खापर असलं की अमेरिकेतली रांग इतकी लांब का होते?

फॅमिली ग्रुपवर दर काही दिवसांनी एक मेसेज येऊन आदळतो. "अमेरिकेचा मोठा निर्णय, भारतीयांना आता लगेच ग्रीन कार्ड!" गावाकडची मंडळी तो मेसेज तिकडे राहणाऱ्या पोराला किंवा पोरीला पाठवतात आणि विचारतात, "मग, तुझं झालं का?" तिकडून उत्तर येतं, "नाही अजून. वेटिंग चालूय."

दहा वर्षं झाली तरी उत्तर तेच. मग गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं कंपनीच नीट नसेल, कुणी म्हणतं याचंच काहीतरी कागदोपत्री अडलं असेल.

तर विषय असा आहे की बहुतेक वेळा अडचण कंपनीत नसते आणि उमेदवारातही नसते. ती असते जन्म कुठे झाला यात. कशी, ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरणातली बाई काल्पनिक आहे, नियम आणि तारखा खऱ्या आहेत.

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं गाव. समजा, १९८४ साली तिथं जन्मलेली एक मुलगी इंजिनिअर झाली. २०१३ मध्ये ती एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेला गेली. सोबत नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा. २०१५ मध्ये कंपनीनं तिच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली. तिची फाइल आता कुठे आहे?

ग्रीन कार्ड मिळतं कसं?

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायची आणि काम करायची परवानगी. ते मिळवायच्या वाटा अनेक आहेत, पण नोकरदार भारतीयांपैकी बहुतेक जण कंपनीमार्फत जातात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे पर्म. कंपनीला त्या जागेची जाहिरात द्यावी लागते आणि या कामासाठी पात्र व तयार असलेला अमेरिकन माणूस मिळाला नाही हे तिथल्या कामगार खात्याला दाखवावं लागतं.

दुसरी पायरी आय-१४०. ही माणसं आम्हाला कायमची हवी आहेत आणि त्यांचा पगार द्यायची आमची ऐपत आहे, असा कंपनीचा अर्ज.

तिसरी पायरी आय-४८५. हा ग्रीन कार्डचा खरा अर्ज. पण तो कधीही भरता येत नाही. आपला नंबर यावा लागतो.

हा नंबर ठरतो प्रायॉरिटी डेटवरून. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती ही तारीख. आपल्या उदाहरणात ती ऑगस्ट २०१५ धरू. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. कोणत्या वर्गात, कोणत्या देशासाठी कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला, हे त्यात असतं. नव्या महिन्याचं बुलेटिन आलं की हजारो भारतीय घरांत तो एकच तक्ता उघडला जातो.

मग घोडं अडतं कुठे?

गणितात. आणि हे गणित १९९० च्या कायद्यातलं आहे.

त्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात. यात नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात. कुठल्याही एका देशाला यातला ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा सहसा मिळत नाही. भारताला जी मर्यादा, तीच आइसलँडला.

आता भाग पाडू. उच्चशिक्षितांसाठी असलेल्या ईबी-२ या वर्गाला एकूण कोट्यातले २८.६ टक्के म्हणजे सुमारे ४०,००० ग्रीन कार्डं मिळतात. त्याचे ७ टक्के म्हणजे सुमारे २,८००. चार जणांचं कुटुंब धरलं तर वर्षाला जेमतेम ७०० कुटुंबं. इतर देशांचा कोटा उरला तर तो रांगेत सर्वांत जुन्या असलेल्यांकडे येतो, त्यामुळे एखाद्या वर्षी भारतीयांना जास्त मिळतात. पण भरवशाचा आकडा हाच.

दुसरीकडे एच-वन-बी व्हिसाला देशानुसार मर्यादा नाही आणि तो घेणाऱ्यांत सर्वांत जास्त भारतीय आहेत. म्हणजे आत यायचं दार मोठं आणि कायम राहायचं दार एका माणसापुरतं. गर्दी मधल्या खोलीत साचली. अमेरिकेतल्या केटो इन्स्टिट्यूट या संस्थेनं २०२३ मध्ये हिशोब मांडला होता. नोकरीच्या रांगेतल्या सुमारे १८ लाख प्रकरणांपैकी ११ लाख भारतीयांची होती.

ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-२ ची तारीख १ एप्रिल २०१३ होती. बहुतेक इतर देशांसाठी तीच तारीख १ डिसेंबर २०२३ होती. डिग्री सारखी, काम सारखं, पगार सारखा. फरक दहा वर्षांहून जास्त.

इथं नागरिकत्व बघत नाहीत, जन्माचा देश बघतात. उद्या खापरच्या मुलीनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी ती भारताच्याच रांगेत राहील. तिच्या नवऱ्याचा जन्म दुबईत झाला असता, तर मात्र त्याच्या जन्मदेशाच्या रांगेत दोघांनाही जाता आलं असतं.

तारीख मागेही जाते

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताची ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली होती. कोविडमुळे कौटुंबिक वर्गातली न वापरलेली ग्रीन कार्डं नोकरीच्या कोट्यात आली होती, म्हणून ही झेप. पुढच्याच महिन्यात तारीख १ एप्रिल २०१२ वर आणली गेली आणि डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्येसुद्धा ती २०२२ च्या टप्प्यावर परत आलेली नव्हती.

म्हणून "अजून किती वर्षं?" या प्रश्नाला कुणी ठाम उत्तर देत असेल, तर त्याच्यापासून सावध राहिलेलं बरं.

असा गोंधळ २००७ मध्येही झाला होता. त्या जुलैच्या बुलेटिननं नोकरीच्या जवळपास सगळ्या वर्गांतल्या लोकांना अर्ज भरायला सांगितलं आणि २ जुलैला ते मागे घेतलं. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या होत्या, वकिलांचे पैसे भरले होते. मग 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीगिरीची आठवण ठेवून लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना फुलं पाठवायला सुरुवात केली. खात्यानं ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळवली. १७ जुलैला सरकारनं निर्णय फिरवला आणि अर्ज घेतले.

थांबण्यात एवढं काय बिघडतं?

पगार चालू आहे, घर आहे, मग काय प्रॉब्लेम, असं गावाकडून वाटतं. प्रॉब्लेम तीन ठिकाणी येतो.

एक, नोकरी. एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा. २००० सालच्या कायद्यामुळे आय-१४० मंजूर असलेल्या आणि नंबराची वाट बघणाऱ्या माणसाला तो तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. पण नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत नवी कंपनी शोधावी लागते, नाहीतर व्हिसाचा दुसरा मार्ग किंवा परतीचं तिकीट. नवी कंपनी मिळाली तरी पर्म आणि आय-१४० बहुतेक वेळा पुन्हा करावं लागतं. जुनी प्रायॉरिटी डेट मात्र सहसा टिकते. बढती घ्यावी का, शहर बदलावं का, बॉसशी वाद घालावा का, या प्रत्येक निर्णयावर व्हिसाची सावली असते.

दोन, मुलं. आपल्या उदाहरणातला तीन वर्षांचा मुलगा २०३१ मध्ये २१ वर्षांचा होईल. तोवर नंबर आला नाही तर तो आईच्या अर्जातून बाहेर पडेल. जो देश त्याला घर वाटतो, तिथं राहायला त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल. वयाच्या मोजणीत थोडी सवलत देणारा २००२ चा कायदा आहे, पण ऑगस्ट २०२५ पासून ही मोजणी पुन्हा बुलेटिनच्या जास्त मागे असलेल्या तक्त्यावरून होते. त्यामुळे धोका वाढला.

तीन, गावाकडचे आई-वडील. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल तर भारतात आल्यावर वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांची सोशल मीडिया खातीही तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती पुढे गेल्या. वडील दवाखान्यात असताना "ये लवकर" म्हणणं सोपं असतं. आलेल्या माणसाला परत नोकरीवर कधी जाता येईल, हे त्यालाही ठाऊक नसतं.

जोडीदाराच्या बाबतीत २०१५ च्या नियमानं दिलासा दिला. आय-१४० मंजूर असलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला काम करायची परवानगी मिळू शकते.

यात खापरच्या ग्रामपंचायतीचा काय संबंध?

खूप आहे. नंबर आला की जन्माचा दाखला लागतो, आणि बऱ्याच लोकांना तेव्हा कळतं की आपल्या दाखल्यावर नावच नाही किंवा नोंदच झालेली नाही. घरी बाळंतपण झालेल्या पिढीत हे सर्रास आहे. नोंद सापडली नाही तर तसा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडील किंवा जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. हे सांगू शकणारी माणसं हयात असतानाच ते करून ठेवलेलं बरं.

आणखी एक स्थानिक भानगड. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर 'जिल्हा धुळे' आणि नंतरच्या कागदांवर 'जिल्हा नंदुरबार' असेल तर ती चूक नाही, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला ते समजावून सांगणारा एक परिच्छेद अर्जासोबत असलेला चांगला. एक वर्षाहून उशिरा जन्मनोंद करायला आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि राज्यात २०२५ मध्ये अशा नोंदींवरून वाद झाल्यावर तपासणी कडक झाली आहे. रांग अमेरिकेत असली तरी तयारी इथं करता येते.

कायदा बदलत का नाही?

प्रयत्न झाले. ७ टक्क्यांची अट काढणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये तिथल्या प्रतिनिधी सभेनं ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनं वेगळ्या रूपात मंजूर केलं. दोन्ही मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि विषय संपला. २०२२ मध्ये आणखी एक विधेयक मतदानाआधीच बारगळलं.

विरोधाला कारणही आहे. एकूण संख्या न वाढवता अट काढली तर भारतीयांची रांग कमी होईल, पण आज लवकर नंबर लागणाऱ्या इतर देशांतल्या लोकांची वाढेल. ताट तेवढंच, पंगत मोठी. संख्या वाढवायला मात्र तिथलं राजकारण तयार नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून तिथं खासदार आहेत, पण अशा बदलाला दोन्ही सभागृहं लागतात.

इतर देशांत चित्र वेगळं आहे. जर्मनीत ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येतं. ऑस्ट्रेलियात कंपनीकडे दोन वर्षं काम केल्यावर ती कायम व्हिसासाठी नाव सुचवू शकते. तिथंही अटी आणि वाट बघणं आहेच, पण जन्मदेशानुसार वेगळी रांग नाही.

मग पुढचा मेसेज आला की काय बघायचं?

बातमी कायद्याची आहे की नुसत्या विधेयकाची, हे आधी बघा. बातमी नव्या व्हिसाची आहे की ग्रीन कार्डची, हेही बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा रांगेतले सगळेच घाबरले. ते शुल्क मुख्यतः अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांसाठी आहे, तिथं राहूनच होणाऱ्या मुदतवाढीला नाही, हे ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झालं.

आणि कुणी "कंपनी स्पॉन्सरशिपसह पीआर करून देतो" म्हणून लाखो रुपये मागत असेल तर थांबा. अमेरिकेत पर्मचा खर्च कंपनीनंच करायचा, असा नियम आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि त्याचं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकंच असू शकतं.

राहिला प्रश्न "तुझं झालं का?" याचा. ऑगस्ट २०१५ ची तारीख असलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर नाही आणि त्यात त्याचा दोष नाही. त्यापेक्षा "तुझ्या जन्माच्या दाखल्यावर नाव बरोबर आहे का, ग्रामपंचायतीत बघून येऊ का?" असं विचारलं, तर त्याचं एखादं काम तरी हलकं होईल.