परक्यांचा विद्रोह आणि दारातला डफ

गेल्या वर्षीच्या युवक-मेळाव्यातील गायनस्पर्धेत आम्ही परीक्षकांच्या रांगेत बसलो होतो. चार तरुणांनी गिटार आणि ड्रम्सच्या साथीने एक इंग्रजी गीत म्हटले. 'द जॅम' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे ते १९७९ सालचे 'ईटन रायफल्स'. धनिकांच्या शाळेतील पोरे आणि रस्त्यावरचे बेकार यांच्यातील झटापटीचे ते गीत. तरुणांनी ते म्हटलेही चांगले. सभागृहाने त्यांना डोक्यावर घेतले आणि आम्हीही दहापैकी नऊ गुण दिले. त्याच स्पर्धेसाठी आमच्या धर्मग्रामातील दुसऱ्या एका तरुणाने पोवाडा पाठविला होता. हा तरुण भिवंडीजवळ दापोडे येथील एका गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे काम करतो. पोवाडा होता ठेकेदारीवर. संयोजकांनी तो 'राजकीय स्वरूपाचा' म्हणून परत केला. ही गोष्ट पारितोषिके वाटून झाल्यावर आमच्या कानांवर आली. त्यानंतरही आम्ही गप्प बसलो, हे प्रारंभीच कबूल करतो. पुढे जे कठोर लिहावयाचे आहे त्यातून स्वतःला वगळण्याचा अधिकार आम्हांला नाही.

त्या इंग्रजी गीताची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. १९७८ साली कामाचा हक्क मागणाऱ्यांचा एक मोर्चा लिव्हरपूलहून निघाला. वाटेत ईटन या सरदार-सावकारांच्या मुलांच्या शाळेपाशी विद्यार्थ्यांनी मोर्चेकऱ्यांची टर उडविली. पॉल वेलर या तरुण गायकाने हा विषय उचलला आणि गीत इंग्लंडभर गाजले. पुढे २००८ साली डेव्हिड कॅमेरून यांनी ते आपले आवडते गीत असल्याचे सांगितले. कॅमेरून ईटनचेच विद्यार्थी, हुजूर पक्षाचे नेते आणि दोन वर्षांनी देशाचे पंतप्रधान! वेलर संतापले, आणि ते स्वाभाविकच होते. ज्यांच्यावर कोरडा ओढला त्यांनीच त्याच्या आवाजाचे कौतुक करावे, याहून विद्रोहाची मोठी विटंबना ती कोणती?

आमच्या सभागृहातील टाळ्या याच जातीच्या होत्या. ईटन आमच्यापासून हजारो मैल दूर. तेथील पोरांवर कोणी कितीही तोंडसुख घेतले तरी आमच्यापैकी कोणाचे भाडे बुडत नाही, कोणाचा ठेका जात नाही. दापोड्याच्या पोवाड्यात मात्र ज्या प्रकारच्या ठेकेदाराचे वर्णन होते तसले गृहस्थ कदाचित पहिल्या रांगेत बसलेले असतील. मेळाव्याच्या मंडपाला त्यांनीच हातभार लावलेला असेल. 'राजकीय' या शब्दाचा अर्थ येथे एवढाच.

आमचा रोष त्या ब्रिटिश गायकांवर आहे असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना 'सेक्स पिस्टल्स'ने राजसत्तेची खिल्ली उडविणारे गीत काढले, बीबीसीने ते वाजविण्यास नकार दिला, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्यातील उर्मटपणा आमच्या पचनी पडत नाही, परंतु त्यामागची चीड आम्हांला समजते. 'द क्लॅश'चा जो स्ट्रमर हा परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याचा मुलगा होता, निवासी शाळेत शिकलेला. तेव्हा गरिबाच्या बाजूने गाण्यास गरिबाच्याच घरी जन्म घ्यावा लागतो असे नाही. १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा संप वर्षभर चालला, त्या काळात बिली ब्रॅग गिटार घेऊन संपकऱ्यांच्या मदतीसाठी गात फिरला. संप हरला. पण ते गाणे कामगारांच्या दारापर्यंत गेले होते. गाणे कोणाला टोचते आणि गाणारा दुसऱ्या दिवशी कोणाच्या शेजारी उभा राहतो, या दोन कसोट्या आम्ही लावतो. आमच्या स्पर्धेतील गीत या दोन्ही कसोट्यांवर नापास झाले, आणि तो दोष त्या चार मुलांचा नव्हे.

मुळात या गीतांसाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारणच काय? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. सांगलीकडच्या वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णाभाऊ मुंबईत येऊन गिरणीत राबले. त्यांनी तमाशातील गणाची जागा मातृभूमीच्या आणि श्रमिकांच्या वंदनेला दिली, गवळण वगळली, आणि डफ-तुणतुण्यावर कामगारांच्या जगण्याचा जमाखर्च मांडला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांच्या आवाजाला मैदाने अपुरी पडत. आज १ मे रोजी आम्ही ज्या राज्याचा दिन साजरा करतो त्याच्या जन्माला या डफांचाही हातभार लागला आहे. आमच्या मेळाव्यातील किती तरुणांना अमर शेखांचे नाव ठाऊक आहे? दोष पुन्हा त्यांचा नाही. आम्हीच सांगितले नाही.

आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. इंग्लंडात वर्ग उच्चारावरून, शाळेवरून ओळखतात. आपल्याकडे वर्गाच्या पोटात जात दडलेली असते. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याची मजुरी बरी असे. परंतु धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून 'अस्पृश्य' कामगाराला त्या खात्यात येऊ देत नसत. त्याच्या थुंकीचा विटाळ होई! मालकाने नव्हे, सोबतच्या कामगारांनी हा विटाळ मानला. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला होता. म्हणून इंग्रजी गीत उचलून येथल्या रोगावर औषध म्हणून लावता येत नाही. आणि आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्हांला जात नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच घरी मुलामुलींची लग्ने जमविताना काय बोलले जाते ते आठवावे. असो.

आता दापोड्याकडे येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावात भोंगे थांबले, पण भिवंडीचे यंत्रमाग थांबले नाहीत. गिरणीत न विणलेले कापड मागावर विणले गेले. त्या मागांवर राबणारेही श्रमिकच होते, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. एका श्रमिकाच्या उपासावर दुसऱ्या श्रमिकाची जादा पाळी चालली. पुढे यंत्रमागांनाही मंदीने गाठले, आणि वळ, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे या गावांच्या भातखाचरांवर गोदामांचे पत्रे चढले. महानगरातील घरांत दोन दिवसांत पोहोचणाऱ्या वस्तू आज येथून निघतात. १९६९ साली महाराष्ट्राने हमाल-माथाडींसाठी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी जन्म वेचला. पण ज्याचे नाव ठेकेदाराच्या वहीतच नाही त्याला त्या कायद्याचा काय उपयोग?

आम्ही त्या तरुणाला भेटावयास गेलो तेव्हा गोदामाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर तो उभा होता. त्या दिवशी त्याने टी-शर्टांची खोकी भरली होती. एका सदऱ्यावर टोपीतल्या दाढीवाल्याचे चित्र होते. "फादर, हा कोण हो?" त्याने विचारले. चे गव्हेराचे नाव आम्ही सांगितले, तो कशासाठी लढला तेही दोन वाक्यांत सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच की. आणि खोक्याला पैसे तेवढेच." आम्हांला उत्तर सुचले नाही.

आमचा एक वर्ग लगेच म्हणेल की शाहीर साम्यवादी होते, निरीश्वरवादी होते, त्यांच्या डफाला वेदीजवळ स्थान कसे द्यावे? त्यांना आम्ही विचारतो, श्रमिकाची बाजू घेण्यास ख्रिस्तसभेला लाल बावट्याची परवानगी लागते काय? पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोवारुम' १८९१ चे. पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'लाबोरेम एक्झर्चेन्स' १४ सप्टेंबर १९८१ चे, म्हणजे गिरणीसंपाच्या जेमतेम चार महिने आधीचे. भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ, आणि न्याय्य वेतन ही कोणत्याही अर्थव्यवस्थेच्या न्यायाची कसोटी, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. पुढे सेमिनरीत ते परिपत्रक वाचले ते परीक्षेपुरते; शेजारच्या गिरणगावाशी त्याचा संबंध लावावा असे आम्हांला सुचले नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले तेही तेराव्या लिओंच्या त्या परिपत्रकाची आठवण ठेवून. नावाचे आम्ही घंटा वाजवून स्वागत केले. आणि पवित्र मरियेचे स्तोत्र तर आम्ही धर्मगुरू रोज संध्याकाळी म्हणतो. बलाढ्यांना आसनांवरून खाली ओढणारे, भुकेल्यांना तृप्त करून धनवानांना रिकाम्या हाती परत पाठविणारे. संयोजकांच्या निकषाने ते स्तोत्रही राजकीय ठरून परत यावे!

शाहीर देव मानत होते की नाही याची चौकशी करताना, त्यांनी गाण्याची काय किंमत मोजली याचीही चौकशी व्हावी. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. आत्महत्येचे समर्थन आम्ही करणार नाही. पण परक्यांच्या मरणाने इतका घायाळ होणारा एखादा गायक आमच्या गायनमंडळांत आजवर निपजला काय?

राहिला प्रश्न परकीय आणि देशी यांचा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रजच होते. १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यांनी येथील माणसांना विलायती छंद शिकविला नाही. येथल्या माणसाची ओवी स्वतः शिकून घेतली. चारशे वर्षांनी आम्ही उलटी वाट धरली आहे. इंग्रजाचे गाणे घेतो आणि येथला शाहीर फाटकाबाहेर ठेवतो.

१ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण, पोप बारावे पायस यांनी १९५५ साली नेमलेला. त्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामात मनोरंजनाचा कार्यक्रम असतो. यंदा पहिला मान दापोड्याच्या पोवाड्याला द्यावा, पहिल्या रांगेतील खुर्च्या गोदामांत आणि मागांवर राबणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, आणि आमच्यापैकी जे माणसे कामावर लावतात त्यांनी आपल्या वहीत किती जणांची नावे आहेत हे त्याआधी आम्हांला येऊन सांगावे, असे आम्ही कार्यकारिणीला लेखी कळविले आहे. ती चार मुलेही गिटार घेऊन झील धरावयास तयार आहेत, आम्ही विचारले. अडचण एकच निघाली. कार्यक्रम सात वाजता सुरू होतो आणि त्याची पाळी आठला सुटते. वेळ नऊ करावी अशी आमची विनंती आहे. कार्यकारिणीचे उत्तर अजून आलेले नाही.