चिमणी पडली, हिशेब उभा आहे

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले. ऑक्टोबरमध्ये मुंबईचीही सेवा सुरू झाली. शहराला आनंद झाला, आम्हालाही झाला. शेतकऱ्याचे विमानाशी वैर नाही. पण या विमानाच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे जिल्ह्याच्या बैठकीत एकदा स्वच्छ मांडले पाहिजे.

होटगी रस्त्याची धावपट्टी जुनी. किंगफिशरने येथून मुंबईची सेवा चालवून पाहिली. ती लवकरच थांबली आणि २०१२ साली कंपनीच बसली. २०१६ मध्ये केंद्राने 'उडान' योजना आणली. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये भाडे, तेही निम्म्या जागांना. आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारी योजनेतून भरून द्यायची. २०१७ च्या पहिल्या यादीत नांदेड, नाशिक, जळगाव, कोल्हापूर यांच्या जोडीला सोलापूरही होते. त्या चौघांकडे विमाने पोहोचली. सोलापूरची धावपट्टी रिकामीच राहिली.

बोट दाखवले गेले ते सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीकडे. सहवीज प्रकल्पाची ही नव्वद मीटरच्या आसपास उंच चिमणी विमानाच्या वाटेत येते आणि ती विनापरवाना आहे, असे प्रशासनाचे म्हणणे. कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी स्फोट घडवून ती पाडली.

शहरातल्या माणसाला तो काँक्रीटचा एक खांब वाटला असेल. ऊसवाल्याचा हिशेब वेगळा आहे. एक टन ऊस गाळला की पाव टनाहून अधिक बगॅस उरतो. तो बॉयलरमध्ये जळतो, वाफेवर जनित्र फिरते, कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज विकली जाते. साखरेचा भाव पडला तरी उसाचे बिल निघण्याला हा एक आधार असतो. चिमणीवाचून तो बॉयलर पेटत नाही. म्हणजे पडली ती सभासदांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली मालमत्ता. आणि एवढी घाई करून अडथळा दूर केल्यावर पहिले विमान उडायला दोन वर्षे लागली! त्या दोन वर्षांचा जाब कोणी विचारला?

दुसरा विमानतळ बोरामणीला व्हायचा होता. त्यासाठी साडेपाचशे हेक्टरांच्या आसपास जमीन घेतली गेली. मधल्या वनजमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न आधी सोडवायचा, मग शेतकऱ्याची जमीन घ्यायची, एवढा साधा क्रम पाळला नाही. नांगर थांबला आणि विमानही आले नाही.

आता पुढचे. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की, 'उडान'मध्ये दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पुरी केली, आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. अनुदान आहे तोवर विमान, हा अनुभव देशभरचा आहे. सोलापूर-पुणे-मुंबई मार्गाची तूट भरून देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतलाच आहे. उसाच्या भावाचा विषय निघाला की बाजाराचे नियम सांगणारे सरकार विमान कंपनीला मात्र तोटा भरून देते.

विमानाने आमचा माल जाईल, असेही सांगितले जाते. ही प्रवासी विमाने. त्यांच्या पोटात मालाला जागा थोडी. सोलापूरचे डाळिंब टिकाऊ फळ आहे, ते जहाजानेही परदेशी जाते. त्याला आधी हवे पूर्वशीतकरण, शीतगृह आणि दिवसा वीज.

म्हणून बैठकीपुढे तीन ठराव ठेवत आहोत. विमानसेवेला दिलेल्या अनुदानाचा आणि प्रवासीसंख्येचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. चिमणी पाडल्याने सभासदांचे किती नुकसान झाले, ते मोजून मांडले जावे. बोरामणीच्या जमिनीचे काय करणार, हे सरकारने मुदत घालून सांगावे. विमान उडो, जरूर उडो. पण त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, ते कागदावर यायलाच हवे.