घड्याळाला पाय दिसत नाहीत

दर वर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिसला अमेरिकन फुटबॉलचा 'कांदेपोहे' कार्यक्रम होतो. नाव एनएफएल कम्बाइन. कॉलेजातली पोरं एकेक करून ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळतात आणि टीव्हीवरचे पंडित सेकंदाचे शंभरावे भाग मोजत बसतात. बाकीच्यांचं सोडा, पण डिफेन्सिव्ह बॅकला, म्हणजे चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला रोखणाऱ्या खेळाडूला, या आकड्यावर तोलणं मला शुद्ध अडाणीपणा वाटतो.

का ते सांगतो.

कुठे वळायचं हे रिसीव्हरला माहीत असतं. बॅकला नसतं. तो बहुतेक वेळा उलटा पळत सुरुवात करतो. वजन चवड्यांवर, छाती पुढे, कंबर खाली, पाय गवताला जेमतेम घासत. रिसीव्हर वळला, की मागचा पाय रोवून त्याच क्षणी पुढे झेपावायचं. कच्चा खेळाडू इथे आधी ताठ उभा राहतो, नाहीतर एक जादा पाऊल टाकतो. समजा त्यात ०.२ सेकंद गेले. रिसीव्हर सेकंदाला ९ मीटरने पळत असेल, तर तेवढ्यात तो १.८ मीटर निसटला. चेंडू टाकायला एवढी फट पुष्कळ झाली! बरं, धरून ठेवावं तर १९७८ पासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला अडवायला बंदी आहे. मग उरतं काय? पाय.

आता ती ४० यार्डांची शर्यत बघा. सरळ रेषा, ठरलेलं टोक. बंदुकीचा बारसुद्धा नाही. खेळाडू हलला की घड्याळ सुरू. म्हणजे बघणं, ओळखणं, पाय रोवणं, यातलं काहीच मोजलं जात नाही. उलटं पळण्याचे सराव त्याच मैदानावर होतात, पण त्यांचा एका ओळीत छापता येईल असा आकडा निघत नाही. म्हणून मथळाही नाही.

रिचर्ड शर्मनला ४० यार्डांना साडेचार सेकंदांहून जास्त लागले. २०११ मध्ये सिएटलने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. २०१३ च्या हंगामात ८ इंटरसेप्शन्स घेऊन तो लीगमध्ये पहिला! उलट २०२२ मध्ये केलन बार्न्स ४.२३ सेकंदांत पळाला, टाळ्या वाजल्या, आणि निवड झाली सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. संघांनाही आतून ठाऊक असतं म्हणायचं.

"मग वेग नकोच का?" असं कुणी विचारेल. हवा ना. लांब पळणाऱ्या रिसीव्हरमागे वेग लागतोच. पण वेगाने चुकलेलं पाऊल फार तर भरून काढता येतं, आणि समोरचाही तितकाच वेगवान असला की तेही नाही.

तीच गत जमिनीवर अंथरलेल्या दोरीच्या शिडीची. पोरं खाली बघून तिच्यात टपाटप पाय नाचवतात, व्हिडिओ झकास येतो. पण शिडी कधी अचानक डावीकडे वळते का? मैदानात नजर रिसीव्हरच्या कमरेवर हवी. खांदे फसवतात, कमर सहसा फसवत नाही.

या घड्याळापायी शाळा-कॉलेजातल्या कितीतरी पोरांवर 'हळू' असा शिक्का बसतो आणि मग त्यांचे पाय कुणी बघतच नाही, याचा मला खरा राग आहे. प्रशिक्षकांनो, तो शिक्का मारण्याआधी दहा मिनिटं त्याच्यासमोर एक रिसीव्हर उभा करा. आणि ते घड्याळ खिशात ठेवा.