शिवनेरी पाहिला, जुन्नर राहिलं!

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात शिवनेरीही आहे. तुमच्या ग्रुपवर त्या दिवशी स्टेटसचा पाऊस पडला असेल. त्याआधी २०१८मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं होतं. मान दोन मिळाले, पण आपण तिथे जातो कसे? पहाटे पुण्याहून बाइक काढायची, गड चढायचा, शिवजन्मस्थानापाशी फोटो, खाली येऊन मिसळ आणि संध्याकाळी घरी. गावाच्या वाट्याला काय? चहाचे पैसे आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

जुन्नर हा मुळात शेतकऱ्यांचा तालुका. द्राक्षं, कांदा, ऊस आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटो. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी गडावर गर्दी उसळते, तेव्हाच खाली बागांमध्ये द्राक्षांची काढणी चालू असते. एक अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. अशा वेळी घरात दुसरं उत्पन्न हवं. मुक्काम, घरचं जेवण, बागेतूनच द्राक्षविक्री हे ते उत्पन्न होऊ शकतं. पण त्यासाठी पाहुणा थांबायला हवा ना!

थांबण्यासारखं खूप आहे. लेण्याद्रीची लेणी आहेत, खोडदला ३० महाकाय अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथेच ठरतात.

अर्थात, सगळं गोड नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. आपल्याला तो रीलमध्ये भारी वाटतो. रात्रीची वीज आली म्हणून पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला तो बांधावर भेटतो. त्यामुळे पर्यटन तालुक्याला नुसत्या कमानी पुरणार नाहीत. शेतीला दिवसा वीज आणि वस्तीवर उजेड आधी हवा. तो आला, तरच पाहुणाही निर्धास्त राहील.

नाणेघाटात एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं मानतात. म्हणजे येणारा-जाणारा गावाला काही देऊन जायचा. पुढच्या ट्रिपला एक रात्र थांबा, द्राक्षं बागेतून घ्या. तुमचाही वाटा त्या रांजणात पडू द्या.