पहिल्या वारीची तयारी

मुलांनो, रायगड जिल्ह्यात नागोठणे आणि रोहे यांच्यामध्ये निडी नावाचे एक लहानसे रेल्वेस्थानक आहे. भोवती भाताची शेते आणि पलीकडे डोंगर. समजा, या निडी गावातील तुमच्याच वयाचा एक मुलगा यंदा आपल्या आजोबांबरोबर पायी पंढरपुरास जाणार आहे. आषाढात कोकणात भाताची लावणी चालू असते. त्या दिवसांत शेत सोडून कोण जाणार? म्हणून इकडचे पुष्कळ शेतकरी कापणी उरकत आली म्हणजे कार्तिकीच्या वारीस निघतात. आपला हा मुलगाही कार्तिकातच निघणार आहे. त्याने तयारी कशी करावी, याविषयी मला थोडे सांगावयाचे आहे.

“देवाच्या भेटीला निघायचे, तर तयारी कशाला? तो नेईल तसे जाऊ,” असे कित्येक जण म्हणतात. या बोलण्यात श्रद्धा आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्यात विचार नाही. वारी कोणी एकटा करीत नाही. ती दिंडीची असते. ज्याचे पाय दुसऱ्याच दिवशी फोडांनी भरले, त्याच्यासाठी दहा जणांना थांबावे लागते. ज्याने पांघरूण आणले नाही, त्याला दुसरा आपले अर्धे पांघरूण देतो आणि स्वतः थंडीत कुडकुडतो. तेव्हा तयारी न करणारा मनुष्य आपला भार देवावर टाकीत नाही. तो शेजाऱ्यावर टाकतो. माझ्या मते तयारी हा भक्तीचाच पहिला भाग आहे.

वाट किती लांब असते पाहा. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. पंढरपूर तेथून सुमारे २५० किलोमीटर दूर आहे. हे अंतर पालखी अडीच-तीन आठवड्यांत चालून जाते. पुण्याहून सासवडला जाताना तर दिवेघाट चढून एकाच दिवसात तीस किलोमीटरच्या आसपास चालावे लागते. निडीच्या मुलाला याहूनही अधिक चालावे लागेल, कारण त्याला आधी सह्याद्रीचा घाट चढून देशावर पोहोचावयाचे आहे. एवढी चाल एका दिवसाच्या उत्साहाने होत नाही. ती सवयीने होते. निघण्यापूर्वी दीड-दोन महिने त्याने रोज चालावे. आरंभी तीन किलोमीटर, मग पाच, मग आठ, असे अंतर हळूहळू वाढवावे आणि आठवड्यातून एक दिवस पायांना विश्रांती द्यावी. पुढे एखाद्या सुटीच्या दिवशी आजोबांबरोबर पालीच्या बल्लाळेश्वरापर्यंत चालत जावे. बल्लाळ नावाच्या एका लहान भक्ताच्या नावाने हा गणपती ओळखला जातो. पहिल्या सरावाला याहून योग्य ठिकाण कोणते?

पुष्कळांना यात्रेसाठी नव्या कोऱ्या वहाणा घेण्याची हौस असते. ही हौस महाग पडते. वहाण आधी महिनाभर वापरून पायाला बसलेली असावी. मुक्कामावर पोहोचताच पाय धुवावेत आणि बोटांच्या बेचक्याही कोरड्या कराव्यात. फोड आला तर त्याची कातडी सोलू नये.

आता ओझ्याविषयी. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक नसावे, असे सांगितले जाते. तोच हिशेब येथेही लावावा. पस्तीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर साडेतीन किलोपेक्षा जास्त ओझे नको. दोन सुती कपडे, एक पांघरूण, पाण्याची बाटली, ताट-वाटी आणि साबण एवढे पुरे. प्रत्येक वस्तू उचलून स्वतःला विचारावे, “हिच्यावाचून माझे अडेल काय?” उत्तर “नाही” असेल, तर ती घरी ठेवावी. आपल्याला किती थोड्या वस्तू लागतात, हे कळणे हीसुद्धा वारीची एक शिकवण आहे.

पाण्याची काळजी सर्वांत अधिक घ्यावी. पूर्वी मोठ्या यात्रांमध्ये दूषित पाण्यामुळे पटकीच्या साथी पसरत आणि यात्रेकरू त्या आपल्या गावापर्यंत नेत. म्हणून पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेलेच प्यावे. कोणाला जुलाब झाले, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे व लगेच वैद्यकीय पथक गाठावे. नदीकाठ, विहीर आणि मुक्कामाची जागा घाण करणारा कितीही टाळ वाजवो, त्याची वारी अपुरीच राहिली असे मी समजतो.

शरीराची तयारी येथे संपली, मनाची राहिली. दिंडीत वारकरी एकमेकांना “माउली” म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. तेथे श्रीमंत कोण, गरीब कोण, जात कोणती, हे विचारावयाचे नसते. परंतु ज्या विठ्ठलासाठी ही समता पाळली जाते, त्याच्याच मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना एके काळी बंद होती. ती उघडावीत म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात उपोषण केले. हे ज्याला ठाऊक आहे, तो पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे पाहणार नाही.

पायी चालण्याने काय साधते, याचे एक उदाहरण निडीपासून फार दूर नाही. पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ साली विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९५१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत पायी गेले. त्याच वर्षी १८ एप्रिलला पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि पुढे तेरा वर्षे ते भूमिहीनांसाठी गावोगाव चालत राहिले. गाडीत बसून गाव मागे पडते. पायी चालणाऱ्याला गावातील माणूस भेटतो.

म्हणून निडीच्या त्या मुलाला मी एवढेच सांगेन: “बाळ, आजोबांच्या पावलाशी आपले पाऊल जुळवून चाल. ते थकले तर त्यांची पिशवी तू घे.” आपला भार कोणावर न टाकता दुसऱ्याचा थोडा भार उचलण्याइतके बळ ज्याने घरूनच मिळविले, त्याची तयारी पूर्ण झाली.