केबलचा भाव आणि दुकानाची पत

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार माल घेणारा व्यापारी मूठभर वानगी हातावर घेतो, दाणा पाहतो आणि मगच भाव बोलतो. आम्हा कापडवाल्यांचा सौदाही ताका उलगडल्याशिवाय होत नाही. पण घरगुती हाय-फाय संगीतयंत्रांच्या बाजारात डिजिटल केबल हा माल बहुधा वानगीशिवायच खपवला जातो. "साधी केबल नको, ही हजारोंची घ्या, आवाज खुलेल," असे गिऱ्हाइकाला सांगतात. आपल्यातील अनेक बंधू इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात व दुरुस्तीच्या कामात आहेत, म्हणून हा दावा तपासणे अगत्याचे आहे.

मुळात डिजिटल केबलमधून जातात ते आकडे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत एका सेकंदाच्या संगीतासाठी डाव्या-उजव्या बाजूचे मिळून सुमारे १४ लाख ११ हजार बिट असतात, म्हणजे शून्य किंवा एक. हुंडीवरचे अक्षर सुबक असो की वाकडे, आकडा वाचता आला तर रक्कम तीच मिळते. तसेच हे आहे. आकडे चुकले तर आवाज तुटतो, कटकट येते किंवा बंद पडतो. खर्ज भरदार आणि गळा गोड होणे हे केबलचे काम नव्हे.

आकडे पोहोचण्याच्या वेळेत सूक्ष्म फरक पडतो, असे महाग केबलवाले म्हणतात. फरक पडतो हे खरे. पण आजची चांगली यंत्रे आलेले आकडे आपल्या घड्याळावर पुन्हा लावून घेतात.

याचा अर्थ कोणतीही तार चालेल असा नाही. कोअ‍ॅक्सियल केबल ७५ ओहमची असावी, पिन घट्ट बसावी. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तंतूची ऑप्टिकल केबल जास्त वाकवू नये. तिच्यातून वीज वाहत नसल्याने अर्थिंगची घुरघुर तिच्यावाटे येत नाही. स्पीकरच्या तारेची गोष्ट निराळी. तिच्यातून वीजच जाते, म्हणून अंतर लांब असेल तर तार जाड हवी. एवढे सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा खरा हितचिंतक.

बाकी दाव्यांसाठी सोपी कसोटी आहे. गाणे तेच, आवाजाची पातळी तीच. एकाने पडद्यामागे नाणे उडवून केबल बदलावी आणि दुसऱ्याने महाग कोणती ते ओळखावे. असे १० वेळा करावे. नुसत्या अंदाजानेही सरासरी ५ उत्तरे बरोबर येतात. ९ किंवा अधिक येण्याचा योग शंभरात एखादाच. किंमत आधी कळली की कानही किमतीच्या बाजूने साक्ष देतात, म्हणून पडदा हवा.

पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आणि शेतकरी नागवला जाई. ती रीत मोडून बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला. केबलवरही शब्दांचा तसाच रुमाल पडला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाहून मोठे नुकसान पत जाण्याचे. एका केबलवर हजार रुपये जास्त मिळतील. फसलेले गिऱ्हाईक मात्र पुन्हा पायरी चढणार नाही, आणि शेजाऱ्यालाही चढू देणार नाही. तेव्हा आपल्या दुकानात कसोटीची सोय ठेवावी, आणि कानाला फरक कळला नाही तर स्वस्त केबलच बांधून द्यावी.