मोटार-रॅलीची हौस : तिचा खरा आरंभ कोठून?

कल्याणकडून येऊन नगर व पाथर्डीवरून मराठवाड्यात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आमच्या तिसगावातून जातो. हा रस्ता आता केवळ बाजाराला व शाळेला जाण्याची वाट राहिला नसून आमच्या काही तरुणांच्या स्वप्नांचा विषय होऊन बसला आहे. मोबाईलच्या पडद्यावर परदेशातील मोटार-रॅली पाहावी, आणि संध्याकाळी कोणाची तरी गाडी मिळवून पाथर्डीच्या अंगाने वेगाची परीक्षा घ्यावी, असा क्रम दिसू लागला आहे. यावर पालकांची उत्तरे दोन प्रकारची असतात. कित्येक पालक, 'हा नाद सोड,' एवढे बोलून मोकळे होतात. कित्येक तर मुलगा सोळाव्या वर्षी मोटार हाकतो याच्या कौतुकाने त्याच्या हाती स्वतःच किल्ली देतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची होत. रॅलीची हौस ही वाईट वस्तू नव्हे. परंतु तिला एक ठरलेली वाट आहे, आणि ती वाट ॲक्सिलरेटरपासून सुरू न होता ब्रेक, वही व संयम यांच्यापासून सुरू होते. हेच येथे थोडक्यात दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम रॅली म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, दहा-वीस गाड्या एकदम सोडाव्या आणि जो पुढे जाईल त्याने जिंकावे, याचे नाव रॅली. ही समजूत खरी नव्हे. रॅलीत प्रत्येक गाडी ठराविक अंतराने एकटी सुटते. तिची स्पर्धा शेजारच्या गाडीशी नसून घड्याळाशी असते. वाहतुकीस पूर्णपणे बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्यांवर वेगाची कसोटी होते, आणि एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास सामान्य रस्त्याने, वाहतुकीचे सर्व नियम पाळून करावा लागतो. आपल्या देशास हा प्रकार नवा नाही. १९०४ सालीच दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची अशी परीक्षा झाली होती. पुढे १९८० साली मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली. आपल्या नाशिकास राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅली भरलेल्या आहेत, आणि पुण्याचे संजय टकले यांनी भारताबाहेरच्या रॅलींत भाग घेतला आहे.

या खेळाचे नियम जो लक्षपूर्वक वाचील त्यास एक गोष्ट पाहून आश्चर्य वाटेल. जागतिक रॅलीत वेळेच्या चौकीवर एक मिनिट उशिरा पोहोचल्यास दहा सेकंदांचा दंड होतो. परंतु एक मिनिट लवकर पोहोचल्यास दंड पूर्ण एक मिनिटाचा होतो! याचे कारण उघड आहे. सामान्य रस्त्यावर कोणी गाडी पिटाळू नये, म्हणून घाईला उशिरापेक्षा सहापट महाग करून ठेविले आहे. तसेच, पुढील गाडीस अपघात होऊन तिच्यातील माणसांनी मदतीची लाल पाटी दाखविली, तर मागून येणाऱ्या पहिल्या गाडीने स्वतःची शर्यत टाकून थांबलेच पाहिजे, असा नियम आहे. ज्या खेळात जिंकण्यापेक्षा थांबणे हे मोठे कर्तव्य ठरते, त्यास उनाडांचा खेळ म्हणणे न्यायाचे होणार नाही.

आता डांबरी रस्त्यावरील रॅलीविषयी. आपल्या देशातील बहुतेक रॅली मातीच्या वाटांवर होतात. युरोपात मात्र डांबरी रस्त्यावरील रॅलींची परंपरा मोठी आहे. मातीवर गाडी घसरू लागते तेव्हा ती आधी थोडी सूचना देते. डांबरावर चाकांची पकड घट्ट असते. त्यामुळे वेग अधिक वाढतो, आणि पकड सुटते ती एकाएकी. शिवाय उसाच्या ट्रॉलीने रस्त्यावर सांडलेला चिखल अथवा पहिल्या पावसाने वर आलेले तेल हे त्याच डांबराला क्षणात साबण करून सोडते. गणिताच्या विद्यार्थ्यांनी एवढा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार दर सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. चांगल्या कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यावर ती सुमारे २० मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२० केला, तर थांबण्यास दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे सुमारे ८० मीटर लागतात; आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो त्यात आणखी ३३ मीटर निघून जातात. वेगाचा वर्ग होतो, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात पाठ करणे निराळे आणि वळणावर शिकणे निराळे.

हा खेळ नियमांनी बांधलेला असूनही निर्धोक नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९८६ साली कॉर्सिका बेटावरील डांबरी रॅलीत हेन्री टोइव्होनेन व सर्जिओ क्रेस्टो हे दोघे मृत्युमुखी पडले. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील प्रसिद्ध डांबरी रॅलीत २०२१ साली तिघांचा व २०२२ साली आणखी एकाचा अंत झाला. आपल्याकडे २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानात राष्ट्रीय स्पर्धेच्या बंद रस्त्यावर एक मोटारसायकल शिरली, आणि स्पर्धेच्या गाडीची धडक बसून एकाच कुटुंबातील तिघे प्राणास मुकले. जेथे पहारेकरी, रुग्णवाहिका व अग्निशामक सज्ज असतात तेथे जर ही स्थिती, तर मग उघड्या महामार्गाची गोष्ट काय बोलावी? मढीच्या यात्रेस पायी निघालेले भाविक, मोहटादेवीच्या नवरात्रास जाणाऱ्या बायाबापड्या, ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या, शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी आपलीच धाकटी भावंडे, ही सर्व या रस्त्याची मालक आहेत. त्यांनी कोणाच्या शर्यतीस संमती दिलेली नाही. २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवरील अपघातांत मरण पावली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्या आकड्यात आपल्या तालुक्याची भर कोणाच्या हौसेखातर पडू नये.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर वाहनांची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा असून त्यास कैद, दंड अथवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटार चालविण्यास वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास, २०१९ च्या सुधारणेप्रमाणे पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे ज्याला खरोखर रॅलीत उतरावयाचे आहे, त्याने कोवळ्या वयात रस्त्यावर केलेला उद्योग त्याच्याच स्वप्नावर घाव घालतो.

तर मग आरंभ कोठून करावा? आमचे उत्तर असे की, तो गाडीच्या खालून करावा. रॅलीसाठी मोटार सिद्ध करणे म्हणजे सायलेन्सर बदलून गावभर गर्जना करणे नव्हे, आणि इंजिनाची शक्ती वाढविणे हे तर सर्वांत शेवटचे काम होय. पहिले काम ब्रेकचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हे पुष्कळ गाडीमालकांस ठाऊकही नसते. डॉट-४ जातीचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. करंजी घाट उतरताना सारखा ब्रेक दाबीत राहिल्यास ते तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय थेट तळाशी जातो. म्हणून जुने ऑइल काढून नवे भरणे, पॅड व डिस्क तपासणे हे आधी. दुसरे काम टायरांचे. चार चाकांचे मिळून जमिनीला टेकलेले क्षेत्र चार तळहातांहून फारसे मोठे नसते. गाडीचा सारा भरवसा तेवढ्यावर. हवेचा दाब, झीज व टायरचे वय ही तीन पाहावी. तिसरे काम शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग व स्टिअरिंग यांतील ढिलाई काढण्याचे. चौथे, रेडिएटर, त्याचे पाईप, पट्टे व ऑइल. एवढे झाल्यावर माणसाच्या रक्षणाचे काम येते : टपाच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, पक्की बैठक, अनेक पट्ट्यांचा बंद, शिरस्त्राण व त्यास जोडलेला मानेचा आधार, आग न धरणारे कपडे आणि हाताशी अग्निशामक. ही कामे नियमांत सांगितल्याबरहुकूम व जाणत्याच्या हातूनच झाली पाहिजेत. या सर्वांची तपासणी झाल्यावाचून स्पर्धेत कोणतीही गाडी सुटत नाही.

मोटारीबरोबर माणूसही सिद्ध व्हावा लागतो. रॅलीत चालकाच्या शेजारी सहचालक बसतो. दोघे मिळून आधी तो रस्ता नियमाच्या वेगाने फिरून पाहतात, प्रत्येक वळण किती तीव्र आहे ते अंकांनी वहीत टिपतात, आणि स्पर्धेच्या वेळी सहचालक ते एकसारखे वाचीत जातो. चालक डोळ्यांनी दिसणाऱ्या रस्त्यावर नव्हे, तर त्या शब्दांवर विश्वास ठेवून वळण घेतो. शुद्ध लेखन, स्पष्ट वाचन व चोख हिशेब हे जे शाळेत रुक्ष वाटते, ते येथे दोन जिवांचे रक्षण करते. नवख्याने आरंभी सहचालकाची जागा धरावी. त्याहून सोपी पायरी म्हणजे वेळ, वेग व अंतर यांची रॅली. तीत कायद्याच्या मर्यादेतील सरासरी वेग नेमून दिलेला असतो, आणि लवकर येणारा व उशिरा येणारा असे दोघेही गुण गमावतात. घरची साधी मोटारही तीत चालते. त्यापुढे मैदानात शंकू मांडून घेतलेली, एका वेळी एकाच गाडीची कसोटी; आणि मग भारतीय मोटार क्रीडा महासंघाचा स्पर्धा-परवाना घेऊन खरी रॅली. ही शिडी पायरीपायरीनेच चढावी लागते.

यावर कोणी म्हणेल, 'दुष्काळी तालुक्यातील मुलांस श्रीमंतांचा खेळ कशास सांगता?' हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. स्वतःची गाडी बांधून रॅलीत उतरण्यास पुष्कळ पैसा लागतो, हे खरे. कर्ज काढून वा शेत विकून हा मार्ग कोणी धरू नये, असेच आमचे मत आहे. परंतु एका चालकामागे कारागिरांचा मोठा मेळा राबत असतो, आणि त्या कारागिरीस श्रीमंती लागत नाही. १९६४ साली माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या मिनी मोटारीचे इंजिन अवघे १०७१ घनसेंटिमीटरचे होते. तिने मोठमोठ्या गाड्यांस मागे टाकिले ते हलके वजन, चांगली पकड व नेटकी सिद्धता यांच्या बळावर. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नगरास सैन्याच्या वाहनांचा अभ्यास करणारी वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिच्या आवारात वाहनांची कसोटी घेण्याचे पथ आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकता येतो. रस्त्यावरच्या एका गॅरेजात प्रामाणिकपणे घालविलेली सुटी ही रस्त्यावरच्या शंभर शर्यतींहून रॅलीच्या अधिक जवळ नेते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाची हौस धिक्कारू नका आणि तिच्या हाती किल्लीही देऊ नका. तिच्या हाती पाना द्या. घरच्या गाडीचे ब्रेक ऑइल कधी बदलले, टायरात हवा किती, याची वही त्यास ठेवू द्या. मुलींनाही या कामातून वगळू नका; सहचालकाच्या वहीला आणि अचूक नजरेला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे की, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा काळ हा वाया जाणारा काळ नव्हे. जो या काळात गाडी उघडून पुन्हा जोडावयास शिकेल, नकाशा वाचावयास शिकेल आणि रागाच्या वा ईर्ष्येच्या भरात पाय मागे घेण्यास शिकेल, तो परवाना हाती येईल त्या दिवशी इतरांच्या पुष्कळ पुढे असेल. वेग कोणासही येतो. थांबणे मात्र शिकावे लागते.